एका दिवसाला एकच संग्रहालय

लंडनला येऊन मला अकरा वर्षं झाली. पुण्याहून कुणी आलं की त्यांना संग्रहालयं दाखवायचं काम आपसूक माझ्याकडे येतं. आई-बाबा पहिल्यांदा आले तेव्हा बाबांनी पुण्यातूनच वहीत यादी करून आणली होती: सकाळी ब्रिटिश म्युझियम, दुपारी नॅशनल गॅलरी, तिथून व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट, आणि वेळ उरला तर टॉवर ऑफ लंडन. मीही मान डोलावली. एवढ्या लांब आलेत, तिकिटाला एवढे पैसे घातलेत, काही सुटायला नको, असं मलाही वाटत होतंच.

ब्रिटिश म्युझियमच्या संग्रहात सुमारे ८० लाख वस्तू आहेत आणि त्यातल्या जेमतेम एक टक्का मांडलेल्या असतात. तेवढ्यातच आई थकली. चौथ्या दालनानंतर तिचं लक्ष वस्तूंवर नव्हतंच, बसायला बाक कुठे दिसतोय का एवढंच ती बघत होती. रात्री जेवताना मी विचारलं, "आई, काय आवडलं?" तिला एकही वस्तू सांगता येईना. मला फार वाईट वाटलं. दिवस तिच्यासाठी आखला होता आणि तिच्या पायांचा विचारच केला नव्हता.

पुढच्या आठवड्यात आम्ही फक्त व्हिक्टोरिया अँड अल्बर्टला गेलो, आणि तिथेही फक्त भारताच्या दालनात. टिपूचा वाघ तिथेच होता. लाकडी, जवळजवळ खऱ्या वाघाएवढा, खाली पाडलेल्या गोऱ्या माणसाच्या मानेला भिडलेला. वाघाच्या पोटात छोटा ऑर्गन बसवलाय आणि बाजूला दांडा आहे. तो फिरवला की वाघ गुरगुरतो आणि माणूस कण्हतो, अशी ती करामत. १७९९ साली टिपूची राजधानी श्रीरंगपट्टण पडली आणि इंग्रजांनी तो नेला. बाबा समोर उभे राहून म्हणाले, "तेव्हा आपल्याकडे नाना फडणवीस हयात होते गं." मग नानांपासून सुरू झाले ते अर्धा तास थांबले नाहीत. त्या दिवसाबद्दल ते अजून बोलतात.

लंडनच्या मोठ्या संग्रहालयांना प्रवेश फुकट आहे, याचा खरा फायदा पैशांचा नाही. एक दालन बघून बाहेर पडता येतं आणि पुढच्या महिन्यात परत जाता येतं. तिकीट काढलं की ते वसूल करायची घाई होते, आणि त्या घाईत डोळे मिटतात.

हे सगळं आठवायचं कारण म्हणजे या डिसेंबरात तीन आठवडे पुण्यात आहे आणि नऊ वर्षांची लेक म्हणाली, "मला तुझं पुणं दाखव." मी बसून यादी केली: शनिवारवाडा, लाल महाल, केसरीवाडा, विश्रामबागवाडा, केळकर संग्रहालय, आगाखान पॅलेस, पाताळेश्वर. ती वाचून पाहिली तर बाबांचीच वही समोर होती. मग खोडायला घेतलं. आगाखान पॅलेस पहिल्यांदा बाजूला काढला. तो नदीपलीकडे, नगर रस्त्यावर. जाण्यायेण्यातच अर्धा दिवस जातो. शिवाय तिथे कस्तुरबा आणि गांधीजींचे सचिव महादेवभाई देसाई यांच्या समाधी आहेत. ९ ऑगस्ट १९४२ ला अटक होऊन आलेले महादेवभाई १५ ऑगस्टला गेलेसुद्धा. ती जागा चार ठिकाणांच्या मध्ये उरकायची नाही, तिला वेगळी सकाळ द्यायची. उरलं एक मुख्य ठिकाण, राजा दिनकर केळकर संग्रहालय, आणि जोडीला जवळचं एखादं.

आमचं घर सदाशिव पेठेत. तिथून नातूबागेतलं हे संग्रहालय चालत दहा मिनिटं. तरी आई तिथे वीस वर्षांत गेली नव्हती, आणि मी शाळेच्या सहलीनंतर एकदाही नाही. त्या सहलीतलं मला फक्त पुढच्या मुलीची वेणी आठवते, कारण आम्हाला रांगेतून थांबूच दिलं नव्हतं.

सकाळी दहाला पोचलो. दारातच लेकीने विचारलं, "हा कुठला राजा?" आई तिच्या शेजारी वाकली. "राजा म्हणजे राज्य करणारा नव्हे गं. केळकरांचा मुलगा होता तो. एकुलता एक. लहानपणीच गेला. त्याच्या आठवणीसाठी त्यांनी हे सगळं उभं केलं." लेक काही बोलली नाही, पण त्यानंतर आत ती फार हळू चालत होती.

दिनकर केळकरांचा व्यवसाय चष्म्यांचा. 'अज्ञातवासी' या नावाने ते कविता लिहीत. १९२० च्या सुमारास त्यांनी वस्तू जमवायला सुरुवात केली, पत्नी कमलाबाईंच्या साथीने गावोगाव हिंडून वीस हजारांवर वस्तू गोळा केल्या आणि १९७५ साली सगळा संग्रह महाराष्ट्र सरकारच्या हवाली केला. इथे तलवारी आहेत, मस्तानी महालाचं दालन आहे, पण खरी श्रीमंती आहे ती घरातल्या वस्तूंची: दिवे, दौती, कुलपं, दारं, वाद्यं. ज्यांना कुणी जपून ठेवलं नसतं, त्या.

आम्ही अडकित्त्यांच्या कपाटाशी थबकलो. पितळी अडकित्ते, कुणाची मूठ घोड्याची, कुणाची पक्ष्याची. लेकीला वाटलं खेळणी आहेत. आईने हवेतच दोन बोटांत सुपारी धरून दाखवली, अंगठा कसा मागे घ्यायचा, पातं किती उघडायचं. "तुझ्या पणजोबांना रात्री जेवण झाल्यावर मीच कातरून द्यायचे." हे मलाही माहीत नव्हतं. पुढे वज्री होत्या, टाचा घासायच्या. खाली खरखरीत जाळी आणि वर मोर, हत्ती. पाय घासायच्या वस्तूवर कुणीतरी मोराची पिसं एकेक करून कोरली होती! लेकीने वही काढून मोर काढायला घेतला. चांगली चाळीस मिनिटं. आम्हाला बसायला जागा शोधावी लागली. व्हिक्टोरिया अँड अल्बर्टमध्ये घडीची स्टुलं ठेवलेली असतात, हवं तिथे नेऊन बसायचं. आपल्या संग्रहालयांनी एवढं केलं तर कितीतरी आज्या-आजोबा नातवंडांबरोबर येतील, असं मला मनापासून वाटतं. तोवर गुडघे दुखणारं कुणी बरोबर असेल तर स्वतःचं छोटं स्टूल आत चालेल का, हे दाराशी विचारून घ्या.

साडेबाराला बाहेर पडलो. अर्धंही बघून झालं नव्हतं. बाजीराव रोडने येताना विश्रामबागवाड्याचे सुरूच्या झाडाच्या आकाराचे लाकडी खांब समोरच्या फुटपाथवरून पाहिले, तेवढंच. घरी वरण-भात आणि झोप.

संध्याकाळी बाबांना घेऊन रिक्षाने पाताळेश्वरला गेलो. जंगली महाराज रस्त्यावर एवढी वाहनं, आणि चार पावलं आत गेलं की आठव्या शतकातलं, अखंड खडकात कोरलेलं लेणं. नंदीचा गोल मंडप लेकीला फार आवडला. तिने खांबांना हात लावून दगडाचा गारवा बघितला. बाबा राष्ट्रकूटांवर सुरू झाले आणि या वेळी ऐकणारी नात होती.

रात्री झोपताना लेक म्हणाली, "आपण दिवे नीट बघितलेच नाहीत." शनिवारी परतीचं विमान आहे. शुक्रवारी सकाळी दहाला आम्ही पुन्हा नातूबागेत, फक्त दिव्यांसाठी.