तबकातल्या दूर्वा आणि वर्गातली शांतता

थायलंडमध्ये शाळा मे महिन्याच्या मध्यावर सुरू होतात आणि साधारण जूनमधल्या एखाद्या गुरुवारी ‘वाय ख्रू’ होतो, म्हणजे गुरुवंदन. वार गुरुवारच, कारण तो देवांच्या गुरूचा, बृहस्पतीचा. तिथल्या एका माध्यमिक शाळेत इंग्रजी शिकवायला मी नुकतीच रुजू झाले होते. आम्हा शिक्षकांना सभागृहात खुर्च्यांवर बसवलं. समोर सगळी शाळा जमिनीवर, पाय एका बाजूला मुडपून. पाली वंदना झाली आणि प्रत्येक वर्गाचे प्रतिनिधी गुडघ्यांवर सरकत पुढे येऊ लागले.

माझ्यासमोर आलेल्या मुलीच्या हातात उंच बैठकीचं तबक होतं. त्यात पाहिलं आणि चमकलेच. दूर्वा! शेजारी इक्झोराची लाल फुलं, वांग्याची जांभळी फुलं आणि भाताच्या लाह्या. दूर्वा आपण गणपतीला वाहतो, लाह्या लग्नाच्या होमात टाकतो. इथे हे सगळं माझ्यापुढे ठेवलं होतं, आणि मला अगदी भरून आलं.

शेजारच्या थाई शिक्षिकेने हळू आवाजात अर्थ सांगितले. दूर्वा कितीही तुडवल्या तरी पुन्हा फुटतात, विद्यार्थ्याने तसा चिवटपणा धरावा. इक्झोराची कळी टोकदार, तशी बुद्धी असावी. वांग्याचं फूल फळ धरताना खाली झुकतं, ती नम्रता. आणि भांड्याच्या आत राहून फुटतो त्याच दाण्याची लाही होते, बाहेर उडालेला वाया जातो. म्हणून लाह्या शिस्तीच्या.

मुलीने वाकून नमस्कार केला. आपल्याकडे अशा वेळी हात आपोआप डोक्यावर जातो. पण थायलंडमध्ये डोकं हा शरीराचा सगळ्यात पवित्र भाग, परक्याने त्याला हात लावायचा नसतो. मी हात जोडूनच आशीर्वाद दिला.

या आदराची दुसरी बाजू मात्र मला रोज वर्गात टोचायची. ‘समजलं का?’ विचारलं की सगळी मुलं हसून हो म्हणायची, आणि वह्या तपासल्या की चित्र वेगळंच. मोठ्यांना अवघडल्यासारखं होईल असं काही करू नये, हे तिथे लहानपणापासून अंगात मुरलेलं असतं. ‘क्रेंग चाय’ म्हणतात त्याला. हात वर करून ‘कळलं नाही’ म्हणणं म्हणजे बाईंना शिकवता आलं नाही असं चारचौघांत सांगणं. गुरूला वंदन जरूर करावं, पण गुरूला प्रश्न न विचारणारं मूल मागे पडतं, असं माझं ठाम मत आहे.

मग मी कोऱ्या चिठ्ठ्या वाटल्या. नाव लिहायचं नाही, प्रश्न थाईत लिहिला तरी चालेल. सहकारी शिक्षिकेने त्या वाचून दाखवल्या. बहुतेकांना एकच अडलं होतं: ‘आय’नंतर ‘गो’, मग ‘शी’नंतर ‘गोज’ कशाला? थाई भाषेत क्रियापदाचं रूप कर्त्याप्रमाणे बदलत नाही, काळाप्रमाणेही नाही. मी भूतकाळापर्यंत पोचले होते आणि मुलं तिथेच अडकलेली. पुढचा धडा बाजूला ठेवून तो अख्खा आठवडा मी ‘गो’ आणि ‘गोज’ला दिला.