रानपिंगळ्याची वही, नोंद सहावी: तार दिसली की पिंगळा

मंडळी, आधी वाईट बातमी. मागच्या नोंदीत ज्या चाचणीचं मी एवढं कौतुक केलं होतं ती बाद झाली. आणि ती बाद केली माझ्या दहावीतल्या भाचीने, जिने आयुष्यात दुर्बीण हातात धरलेली नाही.

नवीन आलेल्यांसाठी थोडं मागचं. आपला नेहमीचा पिंगळा आणि दुर्मिळ रानपिंगळा (दोन्ही लहान घुबडं) यांत माझा गोंधळ होतो, अजूनही होतो. पिंगळ्याच्या डोक्यावर पांढरे ठिपके भरपूर, रानपिंगळ्याचं डोकं जवळजवळ कोरं. त्याची छाती गडद तपकिरी, पोटाचा खालचा भाग स्वच्छ पांढरा, पंख-शेपटीवर ठळक पट्टे. पुस्तकात हे सगळं सोपं. सागाच्या फांदीआड तीन सेकंद दिसलेल्या पक्ष्यावर मात्र मी कधी डोकं बघतो, कधी पोट, आणि जिथे आधी बघितलं त्यावरच निकाल देऊन मोकळा होतो असा मला संशय होता. तोच तपासायचा होता.

लॅपटॉपवर सायकोपाय हे असे प्रयोग रचायचं सॉफ्टवेअर टाकलं (फुकट आहे, थोडी पायथॉन ही प्रोग्रॅमिंगची भाषा यावी लागते). आधी पडद्यावर एक खुणेचा ठिपका 100 मिलिसेकंद, मग तिथे पक्ष्याचा फोटो 150 मिलिसेकंद, मग लगेच आधीचं चित्र नजरेतून पुसायला ठिगळाठिगळांची जाळी. मग पक्षी कोणता ते सांगायचं. माझा पडदा 60 हर्ट्झचा, सेकंदाला 60 चौकटी (फ्रेम) दाखवणारा, म्हणजे खूण आणि फोटो अनुक्रमे 6 आणि 9 चौकटी. वेळ एवढी कमी ठेवायचं कारण असं की नजरेला नव्या जागी उडी मारायला साधारण 200 मिलिसेकंद लागतात. खूण दिसल्यावर डोळा हललाच तरी तोवर फोटोचा बहुतेक वेळ संपलेला. हलतं ते मुख्यतः लक्ष. डोळा जागचा न हलवता लक्ष दुसरीकडे नेता येतं हे जर्मन शास्त्रज्ञ हेल्महोल्ट्झने एकोणिसाव्या शतकातच ठिणगीच्या उजेडात अक्षरं दाखवून पाहिलं होतं. आधी खूण, मग चित्र ही पद्धत रुळली ती 1980 च्या सुमारास, मानसशास्त्रज्ञ मायकेल पोस्नरच्या प्रयोगांनी.

तर भाचीने 60 पैकी 55 बरोबर सांगितले. मी 47. मी तिला विचारलं, तू डोकं बघतेस की पोट? ती म्हणाली, "मामा, मी पक्षी बघतच नाही. तार किंवा भिंत दिसली की पिंगळा, पानं दिसली की दुसरा." झालं! माझे पिंगळ्यांचे सगळे फोटो भुसावळच्या रेल्वे कॉलनीतले आणि रानपिंगळ्यांचे सगळे सातपुड्यातले. दोन महिने मी पार्श्वभूमीची परीक्षा घेत होतो.

मग एकेक फोटो कापून मागे राखाडी रंग भरला. चार रविवार गेले त्यात.

नव्या फेरीचे आकडे माझे एकट्याचेच आहेत, तेव्हा हातचं राखून वाचा. खूण डोक्याच्या जागी दिली तेव्हा 40 पैकी 33 बरोबर, पोटाच्या जागी दिली तेव्हा 24. हे अपेक्षितच होतं. मला बोचलं ते दुसरंच. पोटाजवळ खूण असताना माझ्या बहुतेक चुका एकाच बाजूच्या होत्या: साधा पिंगळाही मी रानपिंगळा ठरवत होतो. 2004 मध्ये मारिसा कॅरास्को आणि सहकाऱ्यांनी दाखवलं होतं की ज्या पट्ट्याकडे लक्ष असतं तो असतो त्यापेक्षा जास्त उठावदार दिसतो. माझ्या बाबतीत पोटाचा पांढरा रंग असाच भडक होत असावा. असावा म्हणतोय; माझे फोटो सारख्या उजेडातले नाहीत.

तिसऱ्या फेरीत 100 फोटोंत फक्त 5 रानपिंगळे टाकले, कारण रानात तरी आणखी काय असतं? पाचांतले दोन माझ्या हातून निसटले. पाच फोटोंवर काही सिद्ध होत नाही, पण जेरेमी वुल्फच्या 2005 च्या प्रयोगाची आठवण झाली. शोधायची वस्तू निम्म्या चित्रांत होती तेव्हा लोकांकडून ती सुमारे 7 टक्के वेळा सुटली. शंभरात एकदाच होती तेव्हा सुमारे 30 टक्के. वस्तू तीच, डोळेही तेच.

पक्षी ठरवणं मी जिनिंगमधल्या कापूस तोलायच्या काट्यासारखं समजतो. प्रत्येक नजर एकेका पारड्यात थोडा कापूस टाकते आणि एक पारडं ठरावीक खाली गेलं की आपण "हा पिंगळाच" म्हणून मोकळे. दुर्मिळ पक्ष्याच्या वेळी "नाही"चं पारडं आधीच भरलेलं असतं. शिवाय ज्याकडे बघतोय त्या बाजूचा कापूस पुरा मोजला जातो, दुसऱ्या बाजूचा कमी. क्राइबिच, आर्मेल आणि रँगेल यांचा 2010 चा हिशोब याच धर्तीचा आहे, फक्त त्यांची माणसं पक्षी नाही, खाऊ निवडत होती.

रानपिंगळ्याच्या कथेत हे मोठ्या प्रमाणावर घडलं असं मला वाटतं. 1873 मध्ये पक्षीअभ्यासक ए. ओ. ह्यूमने त्याचं वर्णन केलं, 1884 नंतर शंभरहून जास्त वर्षं एकही खरी नोंद नाही. मधल्या काळात माइनर्टझागेन या ब्रिटिश पक्षीसंग्राहकाने 1914 ची, गुजरातेतल्या मांडवीची म्हणून एक नोंद घुसवली, ती बनावट निघाली. तोपर्यंत शोध घेणाऱ्यांच्या मनात ती खूण बसली होती आणि लोक तिकडेच बघत राहिले. पक्षीशास्त्रज्ञ पामेला रासमुसेन आणि तिच्या सोबत्यांना नोव्हेंबर 1997 मध्ये हा पक्षी सापडला तो आपल्या शहाद्याजवळ.

आता रानातलं. आमचे काका भुसावळ शेडला असिस्टंट ड्रायव्हर होते. गाडीवर सिग्नल नुसता बघायचा नाही, मोठ्याने म्हणायचा, दुसऱ्याने परत म्हणायचा. ते म्हणाले, "तू पण तसंच कर ना." म्हणून दर पक्ष्यापाशी मी ठरलेल्या क्रमाने पुटपुटतो: डोकं, छाती, पोट, शेपटी. सोबतचा मित्र हसतो, पण परत म्हणतो.

गेल्या रविवारी चोपड्याच्या बाजूला गेलो होतो (जागा सांगणार नाही, गर्दी नको). पानगळ झालेला साग, सकाळचे साडेआठ. वाटेतल्या एका गुराख्याने विचारलं, "काय देखी ऱ्हायना भाऊ?" मी सांगितलं. त्याने हात वर केला, "तो देखा, तठे बठेल शे." पक्षी होता, भरउन्हात, शेपटी हलवत. माझी नजर सरळ पोटावर गेली. डोकं म्हणेपर्यंत तो उडाला.

वहीत लिहिलंय: पिंगळा, जात नक्की नाही. पोट पांढरं.