तुम्ही विचारलंत म्हणून : सोळा कोटी जमले का?

नाही जमले. आधी तेच सांगून टाकते, म्हणजे पुढचं नीट ऐकाल. बसस्टँडवर, कॉलेजात, लग्नाच्या पंगतीत, भेटेल तो हेच विचारतो. अमळनेरच्या भाजीबाजारातल्या मावशी तर वांगी तोलता तोलता विचारतात, "कितला जमनात वं बाई?"

गोटू माझा भाऊ, माझ्याहून सोळा वर्षांनी लहान. त्याला एसएमए आहे, स्पायनल मस्क्युलर अ‍ॅट्रॉफी. एसएमएन-1 नावाचं जनुक त्याच्यात कामाचं नाही. त्यामुळे मणक्यातल्या, स्नायूंना हुकूम सोडणाऱ्या पेशी मरत जातात. बसवला तर बसतो, उभा कधी राहिला नाही. डोकं मात्र तल्लख. लुडोत मला सर्रास फसवतो.

आईबाबा दोघांकडून बिघडलेलं जनुक आलं तरच हा आजार होतो. त्या दोघांना स्वतःला काही नाही. "पत्रिका जुळवली नव्हती का?" म्हणणाऱ्यांना मी सांगते, साधारण पन्नासात एक माणूस असं जनुक घेऊन हिंडतो आणि त्याला पत्ताही नसतो. माझ्यात ते असण्याची शक्यता तिनात दोन होती. तपासणी केली, आहे. उद्या लग्न ठरलं तर नवऱ्या मुलाला पत्रिकेआधी रक्त तपासायला लावणार. पळाला तर पळाला.

आता ते सोळा कोटी. झोल्गेन्स्मा हे इंजेक्शन 2019 मध्ये अमेरिकेत मंजूर झालं, किंमत 21 लाख 25 हजार डॉलर. इकडे सगळे त्याचे सोळा कोटी रुपये धरायचे. एकदाच द्यायचं, पण मूल दोन वर्षांचं व्हायच्या आत. गोटूचा रिपोर्ट आला तेव्हा तो बावीस महिन्यांचा होता. "काही पोरं उशिराच चालतात" यात आमचं वर्ष गेलं होतं.

तरी निघालो. बाबांनी तेलाच्या रिकाम्या डब्याला वरून चीर पाडली, मी गोटूचा फोटो चिकटवला आणि खाली जाड मार्करने लिहिलं, 16,00,00,000. मंगळवारी मंगळग्रह मंदिराबाहेर, वैशाखात सखाराम महाराजांच्या यात्रेत, बोरीच्या पात्रात पाळण्यांजवळ उभी राहायचे. लोक सल्ला द्यायचे, "विप्रोचे शेअरवाले गाठ!" कंपनी 1945 साली आमच्या गावात सुरू झाली, म्हणून बाहेरच्यांना वाटतं इथं गल्लोगल्ली कोट्यधीश आहेत. काहींनी खरंच दिले.

पण यात्रेत एक गंमत पाहिली. गंमत कसली म्हणा. माणूस दहाची नोट काढायचा, चिरीपर्यंत न्यायचा, मग त्याची नजर आकड्यावर जायची. मनातल्या मनात शून्यं मोजायचा. "माझ्या दहानं काय होणार, बेटा," म्हणत नोट परत खिशात. तिसऱ्या दिवशी मी आकड्यावर काळी चिकटपट्टी मारली. त्या संध्याकाळी डबा वाजायचा थांबला, इतका भरला.

दोन महिने सरले, इंजेक्शनचा विषय संपला. डॉक्टरांनी रिसडिप्लाम सांगितलं. पिण्याचं औषध, रोज जेवणानंतर ठरलेल्या वेळी, सुई नसलेल्या सिरिंजने तोंडात, कायमचं. डोस वजनावर. बारा किलोच्या पोराला 4 मिली, म्हणजे 80 मिलीची बाटली वीस दिवस. बाटली तेव्हा सहा लाखांच्या आसपास. आई खिचडीवर तुपाची धार धरायची, वजन वाढलं की हरखायची, आणि बाबा ओट्याशीच कॅल्क्युलेटर काढायचे.

केंद्राच्या दुर्मिळ आजार धोरणातून ठरावीक रुग्णालयांमार्फत 50 लाखांपर्यंत मदत मिळते. मुंबईत केईएम आहे. आम्हाला मिळाली, उपकार आहेत. पण त्या भावात 50 लाख म्हणजे आठ बाटल्या, 160 दिवस. डब्यांतून आणि मोबाइलवरून जमलेल्या 37 लाखांत सहा बाटल्या आल्या. त्याही संपल्या, आणि पुढची नव्हती.

मग ऑक्टोबर 2025. पेटंटच्या वादात दिल्ली उच्च न्यायालयाने मूळ कंपनीचं अपील फेटाळलं आणि हैदराबादच्या नॅटकोने तेच औषध बाटलीला 15,900 रुपयांना बाजारात आणलं. बाबांनी ती बातमी माझ्याकडून तीनदा वाचून घेतली. मला आनंदाआधी राग आला. आम्ही उन्हातान्हात डबे वाजवत होतो तेव्हाही हे औषध एवढ्यात बनू शकत होतं ना?

वर्षाचे तीन लाखांच्या आतबाहेर होतात. कापसावर जगणाऱ्या घराला तेही झेपत नाहीत, म्हणून डबा अजून आहे. "मग बरा होणार का?" तर मेलेल्या पेशी परत येत नाहीत, उरलेल्या टिकतात. पूर्वी पाण्याचा पेला त्याच्याने उचलत नव्हता. आता अर्धा भरलेला उचलतो आणि मुद्दाम माझ्यावर सांडतो.

काळ्या पट्टीवर मी पांढऱ्या रंगाने 15,900 लिहिलंय. परवा मावशींनी वांगी तोलली आणि तोच प्रश्न विचारला. म्हटलं, या बाटलीला चौदाशे कमी आहेत. त्यांनी कनवटीचे दोनशे काढले, डब्यात सरकवले आणि वांग्यांचे पैसे मागून घेतले.

"आते बाराशे," म्हणाल्या.