माझ्यात ते आहे का?

लग्नाच्या पंगतीत, भिशीत, दवाखान्यात नंबरची वाट बघत बसलेले असताना, कुणी ना कुणी मला हे विचारतंच. ‘दिवाळी अंकात तुमची कथा वाचली. मलाही लिहावंसं वाटतं हो. पण माझ्यात ते आहे का, हे कसं कळणार?’ ‘ते’ म्हणताना आवाज जरा खाली येतो. पुष्कळदा पिशवीत वहीही असते. तुम्ही विचारलंत म्हणून आज सविस्तर सांगते, कारण उभ्याउभ्या दिलेलं उत्तर मला स्वतःलाच अपुरं वाटत आलंय.

मी बँकेत काउंटरवर होते. पहिली कथा लिहिली ती ४१व्या वर्षी, २००४ साली, सासूबाई गेल्यानंतर. त्यात मी लिहिलं होतं, ‘माझ्या डोळ्यांतून अश्रूंचा पूर लोटला. घर कसं ओकंबोकं झालं.’ लिहिताना खरंच रडत होते, त्यामुळे वाक्यंही खरीच वाटली. महिन्याभराने वही काढून मोठ्याने वाचली आणि त्या दोन वाक्यांपाशी जीभ अडखळली. ही वाक्यं माझी नव्हतीच. शंभर ठिकाणी वाचलेली, तीच हाताला लागली होती.

मग आठवत बसले, खरं काय झालं होतं? सासूबाई दुधाचे खाडे कॅलेंडरवर लिहायच्या. पेन्सिल त्याच खिळ्याला दोऱ्याने बांधलेली असायची. महिनाअखेरीला दूधवाला हिशेबाला आला तेव्हा मी कॅलेंडर बघितलं, तर नोंदी १७ तारखेपर्यंतच होत्या. पुढे दूध कधी आलं, किती आलं, कुणी घेतलं, कुणालाच ठाऊक नव्हतं. दूधवाला म्हणाला, ‘राहू द्या वहिनी, अंदाजानं धरतो मी.’ मी पैसे मोजून दिले आणि दार लावून घेतलं.

पूर काढून टाकला, दूधवाला आत आणला. कथा तिथून उभी राहिली. तुम्ही ज्याला ‘ते’ म्हणता, ते माझ्या मते ह्या अडखळण्यात असतं. आपलंच वाक्य खोटं लागतंय हे ऐकू येणं, आणि ते आवडतं असलं तरी खोडता येणं. पहिल्या खर्ड्यावरून कुणाचीच पारख करू नये. स्वतःची तर नाहीच.

पुढे बहिःस्थ विद्यार्थिनी म्हणून मराठीत एम.ए. केलं, तेव्हा साहित्यशास्त्राच्या पेपरला मम्मट भेटला. ११व्या शतकातला काश्मिरी पंडित. काव्य कशातून जन्मतं, याची त्याने तीन कारणं सांगितली आहेत : शक्ती, म्हणजे जन्मजात प्रतिभा, निपुणता, जी जग, शास्त्रं आणि इतरांचं काव्य नीट न्याहाळून येते, आणि जाणकाराच्या हाताखाली केलेला अभ्यास. इतकं गाइडमध्येही असतं. पण आमच्या सरांनी एका शब्दावर बोट ठेवलं. कारणं तीन सांगितली, तरी श्लोकात ‘हेतुः’ हे एकवचन आहे. तिन्ही मिळून एकच कारण. त्या दुपारी मला फार मोकळं वाटलं. पहिली गोष्ट वेगळी काढून मोजताच येत नसेल, तर ती किती आहे या काळजीत वर्षं का घालवायची? उरलेल्या दोन तर आपल्या हातातल्या आहेत.

म्हणून कुणी मला ‘मी लिहू का?’ विचारलं की मी आधी विचारते, वाचता काय? गेल्या वर्षभरात एकही कथासंग्रह हातात न धरलेला माणूस कथा लिहायची म्हणतो, तेव्हा मला वाईट वाटतं. आणि बघता काय, हेही विचारते. भाजीवाली सुट्टे नसले की पैशांऐवजी काय हातात ठेवते? तुमच्या वडिलांनी चिडल्यावर पहिल्यांदा काय केलं असतं, चष्मा काढला असता की पेपर घडी घातला असता? ही उत्तरं चटकन आली तर तुमच्याकडे भांडवल आहे.

घरच्यांच्या कौतुकावर मोजमाप करू नका. ती माया असते, आणि ती हवीच, पण ती वेगळी. ग्रुपवरच्या अंगठ्यांचंही तेच. नकाराने मात्र जरूर शिकता येतं. दिवाळी अंकांची परंपरा आपल्याकडे १९०९च्या ‘मनोरंजन’पासूनची, आणि ‘साभार परत’ हा शब्दही मराठी लेखकाच्या चांगल्या ओळखीचा. आम्ही फुलस्केपच्या एकाच बाजूला सुवाच्य अक्षरात लिहून, सोबत स्वतःचा पत्ता घातलेलं, तिकीट लावलेलं पाकीट जोडायचो. दूधवाल्याची कथा त्याच पाकिटातून दोनदा परत आली. दुसऱ्या खेपेला छापील चिठ्ठीखाली पेन्सिलीने एक ओळ होती : ‘शेवटचं पान काढून बघा.’ शेवटच्या पानावर मी सासूबाई किती थोर होत्या ते लिहिलं होतं. दोन दिवस राग आला, तिसऱ्या दिवशी पान काढलं. कथा आता दार लावून घेण्यापाशी संपत होती. पुढच्या वर्षी दुसऱ्या एका अंकाने ती छापली.

आणि छापलं गेलं नाही तर? आमच्या गल्लीतल्या भजनी मंडळात एक काका तीस वर्षं दर गुरुवारी टाळ धरतात. मैफल गाजवायची त्यांना कधीच नव्हती, पण ताल चुकला की त्यांच्या कपाळावर आठी पडते. छंद असाच, आठी पडण्याइतका मनापासून करावा. लिहिण्यातलं सुख मला छापून येण्याआधीही तितकंच मिळत होतं. सकाळी साडेपाच ते साडेसहा, कुकर लावायच्या आधीचा तो तास माझा असायचा. अजूनही तो तास मी कुणाला देत नाही.

तेव्हा वही माझ्याकडे ठेवून जाऊ नका. लिहिलेलं महिनाभर कपाटात ठेवा, मग घेऊन या आणि मला एक पान मोठ्याने वाचून दाखवा. मी काही बोलणार नाही. तुम्ही कुठे थांबता, तेवढंच ऐकेन. पेन्सिल टेबलावर असेल. रविवारी सकाळी मी घरीच असते.