टॉवेल कारखान्यातल्या गायब होणाऱ्या एसएसडी

“सर, डी आणि ई दोन्ही गेल्या. सी हाय.”

सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एका टॉवेल कारखान्यातून मला, संगणक दुरुस्तीवाल्याला, फोनवर एवढंच सांगितलं गेलं आणि त्यातच मला निम्मं निदान मिळालं. एक डिस्क गेली तर डिस्क खराब असू शकते. पण वेगवेगळ्या कंपन्यांच्या, वेगवेगळ्या वर्षी घेतलेल्या दोन डिस्क एकाच क्षणी जातात आणि संगणक बंद करून चालू केला की एकदमच परत येतात, तेव्हा दोष दोघींच्या सामाईक कशात तरी असतो. माझ्या आधी तिथे येऊन गेलेल्या कुणालाच हे सुचलं नव्हतं, याचा मला अजून राग आहे. कारण त्याची किंमत एका पोराने मोजली.

हा संगणक डिझाइनचा. बाहेरच्या माणसाला वाटतं, टॉवेलवरची नक्षी नंतर कशी तरी उमटवतात. तसं नसतं. इलेक्ट्रॉनिक जकार्डला, म्हणजे मागावर नक्षी विणणाऱ्या यंत्राला, द्यायचं डिझाइन म्हणजे बारीक चौकटींचं चित्र. आडवे ठिपके जकार्डच्या धागे उचलणाऱ्या हुकांइतके, यांच्या मशीनला २६८८, आणि उभे ठिपके जितके बाणे, म्हणजे आडवे धागे, पडणार तितके. एक ठिपका म्हणजे त्या बाण्याला तो ताणा, म्हणजे उभा धागा, वर राहणार की खाली, एवढा एक निर्णय. टेरी टॉवेलला ताणाही दोन प्रकारचा, जमिनीचा वेगळा आणि लूपचा वेगळा. एखाद्या हॉटेलचं चिन्ह नीट बसवायला डिझायनरचे दिवसच्या दिवस जातात. अशी फाइल सेव्ह होता होता ड्राइव्ह गायब झाली, तर नवी पूर्ण लिहिलेली नसते आणि जुनी पुसली गेलेली असते.

आधीच्या मंडळींनी काय काय केलं, ते मालकांनी बिलांची फाइलच काढून दाखवलं. डेटा केबल बदलल्या. विंडोज फॉरमॅट केलं. एक एसएसडी, म्हणजे फिरती चकती नसलेली डिस्क, वॉरंटीत पाठवली. सर्व्हिस सेंटरने चाचणीत दोष आढळला नाही असं लिहूनही दुसरी दिली. मग उरलेल्या डिस्कची हुबेहूब नक्कल नव्या डिस्कवर करून तीही बदलली. शेवटच्याने मदरबोर्ड बदलायचं कोटेशन दिलं होतं. आमच्या धंद्यात हे सर्रास चालतं. गिऱ्हाईक नव्या वस्तूचे पैसे देतं, तपासणीचे देत नाही, म्हणून तपासणारा भुकेला राहतो आणि बदलणारा पोट भरतो. सगळा दोष मी कारागिरांवर टाकणार नाही, पण फॉरमॅट मारायच्या आधी लॉग, म्हणजे संगणकाने स्वतः ठेवलेल्या नोंदी, तरी वाचायचा. फॉरमॅट मारलं की पुरावा जातो.

आताची डिझायनर पूर्व भागातली, घरात तेलुगू बोलणारी, विशी-बाविशीची मुलगी. तिने मला न विचारता डिझाइनच्या वहीची मागची पानं उघडून दिली. तारीख, वेळ, तेव्हा काय करत होते, खाली कोणते माग चालू होते. प्रत्येक वेळी. “आधीच्यांना दाखवली का?” म्हटलं. “दाखवली सर. ते म्हणाले, हे काय करायचंय.” इतकी नीटस माहिती मला महिना महिना मागूनही आयटीवाल्या ऑफिसांतून मिळत नाही. तिच्या नोंदींतून दोन गोष्टी ठळक दिसत होत्या. मोठी फाइल सेव्ह करताना किंवा कॉपी करतानाच बहुतेक वेळा ड्राइव्ह जात होत्या. आणि साप्ताहिक सुट्टीच्या दिवशी, खाली माग बंद असताना ती येऊन बसली, तेव्हा एकदाही गेल्या नव्हत्या.

कारखान्याचे वायरमन लगेच म्हणाले, “लाइटचाच प्रॉब्लेम हाय ओ सर. माग चालू झाले की व्होल्टेज पडतंय.” एमआयडीसीत सगळं लाइटवर ढकलायची सवय आहे आणि पुष्कळदा ते खरंही असतं. म्हणून ते आधी निकालात काढलं. विंडोजच्या इव्हेंट व्ह्यूअरमध्ये वहीतल्या वेळा एकेक करून शोधल्या. दर वेळी तीच साखळी. आधी १२९ क्रमांकाची नोंद, म्हणजे डिस्क उत्तर देईना म्हणून विंडोजने तिला रीसेट मारला. मग १५३, म्हणजे वाचायचा-लिहायचा प्रयत्न पुन्हा करावा लागला. शेवटी १५७, म्हणजे डिस्क अचानक काढून घेतली गेली. पण ४१ क्रमांकाची नोंद, जी संगणकाचीच वीज गेल्यावर पुढच्या चालू होण्याला पडते, ती त्या वेळांना एकदाही नव्हती. सी ड्राइव्ह मदरबोर्डवरच बसणारी एनव्हीएमई होती, तिला काही होत नव्हतं. यूपीएस गचकला असता, तर आख्खा संगणक गचकला असता.

मग डिस्कचा स्वतःचा हिशेब काढला. प्रत्येक एसएसडी स्मार्ट नावाच्या तक्त्यात आपली जन्मकुंडली ठेवते आणि फुकटच्या सॉफ्टवेअरने ती मिनिटात दिसते. तापमान ठीक, झीज नगण्य. सी-सेव्हन नावाचा रकाना, म्हणजे डेटा केबलमधून जाताना माहिती बिघडली की वाढणारा आकडा, दोन्हीकडे शून्य. म्हणजे बदललेल्या डेटा केबली निर्दोष होत्या. आणि अचानक वीज गेल्याची मोजणी? दोन्ही डिस्कवर ती शेकड्यांत गेलेली.

हा आकडा बघून मी खुर्चीत सरळ झालो. संगणक म्हणतो, माझी वीज कधी गेली नाही. डिस्क म्हणतात, आमची शेकडो वेळा गेली. दोघेही खरं बोलत असतील, तर वीज पॉवर सप्लाय आणि डिस्क यांच्या मधल्या हातभर वायरीत जात होती.

यात संगणक दुकानात आणून काही हाती लागलं नसतं, आणि तसंच झालं. नव्या पेठेतल्या माझ्या दुकानात रात्रभर फाइली कॉपी करत ठेवला, एक नोंद पडली नाही. आधीच्या लोकांनीही असाच नेऊन “ओके” लिहून परत केला होता. मी परत नेऊन तो जागेवरच उघडायचं ठरवलं.

डिझाइनची खोली मागांच्या शेडमध्येच, वर काढलेल्या लोखंडी माळ्यावर. खाली रेपियर माग. टेबलाखालच्या कॅबिनेटवर तळवा ठेवला तर पत्रा एकसारखा थरथरत होता. झाकण काढलं. आत कापसाच्या तंतूंची गादी, ती त्या भागात सगळीकडेच असते. पण दोन्ही एसएसडी कुठे स्क्रूने बसवलेल्याच नव्हत्या. एक दुहेरी टेपने चिकटवलेली, दुसरी वायरींवरच लोंबकळत. पॉवर सप्लाय स्वस्तातला, त्याला साटाचे, म्हणजे अशा डिस्कना वीज देणारे, जोड मोजकेच, म्हणून जुन्या चार पिनांच्या मोलेक्समधून दोन तोंडांचा स्प्लिटर काढून दोघींना वीज दिलेली. आमच्याकडे सांगतात, एसएसडीत हलणारं काही नसतं, ती कशीही ठेवली तरी चालते. डिस्कपुरतं ते खरं आहे. पण तिच्या वजनाने आणि खालच्या थरथरीने तिचा जोड दिवसभर ओढला जातो, त्याचं काय? साटाचा हा केबलचा जोड ५० वेळा काढ-घाल करण्यापुरताच बनवलेला असतो, आणि इथे प्रत्येक नव्या माणसाने येऊन तो काढला-घातला होता.

पुढचं काम मला मनापासून आवडतं, म्हणून सविस्तर लिहितो. अडीच इंची साटा एसएसडी फक्त पाच व्होल्टवर चालते, म्हणजे तांबड्या वायरीवर. चालणारी हद्द पाच टक्के, ४.७५ च्या खाली जाता कामा नये. डिस्क स्वस्थ असताना जेमतेम करंट ओढते. मोठं लिहिणं सुरू झालं की एक अँपियरपर्यंत, कधी जास्त. आता जोडात ढिलाईमुळे ०.४ ओहमचा अडथळा आला असं धरा. एक अँपियरला ०.४ व्होल्ट तिथेच खाल्ले जातात आणि डिस्कच्या दारात ४.६ उरतात. म्हणून ड्राइव्ह सेव्ह करतानाच जात होत्या, आणि म्हणूनच मोकळ्या वायरीला मीटर लावून “पाच बरोबर येतंय” म्हणणाऱ्याला काहीच सापडत नव्हतं. मीटर डिस्क जोडलेली असताना, तिच्या तोंडाशी, जोडाच्या मागच्या बाजूने बारीक सुई घालून लावावा लागतो.

तसा लावला. किमान आकडा धरून ठेवायचं बटण दाबलं आणि मुलीला म्हटलं, तुझं सगळ्यात मोठं फोल्डर डीवरून ईवर कॉपी कर. ४.९१. ४.८८. खाली तिसरा माग सुरू झाला. ४.८२. मी मोलेक्सचा जोड बोटाने जरासा खाली दाबला, मीटर ४.३७ वर उतरला आणि कॉपी थांबली. डी आणि ई दोन्ही गेल्या. खरा खड्डा याहून खोल असणार, माझा मीटर सेकंदात थोड्याच वेळा वाचतो. त्या बोर्डच्या बायोसमध्ये, म्हणजे मूळ सेटिंगमध्ये, त्या पोर्टांना हॉट प्लग, म्हणजे चालू संगणकात जोडलेली डिस्क ओळखणं, बंद होतं, त्यामुळे वीज क्षणात परत येऊनही डिस्क रीस्टार्टशिवाय दिसत नव्हत्या.

स्प्लिटर काढून उजेडात धरला. तांबड्या वायरीच्या पिनेची नळी फाकलेली, आतून काळवंडलेली, भोवतीचं पांढरं प्लास्टिक पिवळसर तपकिरी. आणखी काही महिने गेले असते, तर कापसाच्या तंतूंनी भरलेल्या त्या खोक्यात काय झालं असतं, हे मी मालकांना तिथेच सांगितलं.

दुरुस्ती सोपी होती. पुरेसे साटा जोड असलेला चांगला पॉवर सप्लाय, डिस्क ब्रॅकेटमध्ये स्क्रूने घट्ट, कॅबिनेट टेबलाखालून काढून भिंतीच्या लाकडी फळीवर, खाली रबर. संध्याकाळच्या संपूर्ण पाळीभर कॉपी चालू ठेवली. मोजणीचा आकडा हलला नाही. रोजचा बॅकअप जाईल अशी बाहेरची डिस्कही लावून दिली. साध्या डिस्कमध्ये वीज जाताना शेवटचं लिहिणं पुरं करायला क्षणभराची वीज साठवणारे कपॅसिटर नसतात, ते सर्व्हरच्या महागड्या डिस्कमध्ये असतात, त्यामुळे इतके झटके खाल्लेल्या या दोघींवर आंधळा भरवसा ठेवू नका असं मालकांना बजावलं.

इथे काम संपलं असतं. पण ई ड्राइव्ह तपासताना एक लपलेलं फोल्डर दिसलं, फाउंड डॉट ट्रिपल झीरो. चेकडिस्क चालवल्यावर फाइलींचे बेवारस तुकडे विंडोज तिथे टाकतं. नव्या डिस्कवर हुबेहूब नक्कल केलेली असल्याने ते सोबत आलं होतं. फोल्डरची तारीख या मुलीच्या येण्याच्या आधीची. मुलीला विचारलं, तेव्हा डिझायनर कोण होतं? ती गप्प झाली. मग खाली बघून म्हणाली, “तो आधीचा. फाइली उडवल्या म्हणून काढला ना, सर.”

एका निर्यातीच्या ऑर्डरचं डिझाइन ऐन वेळी नाहीसं झालं होतं आणि त्याने ते मुद्दाम उडवून दुसऱ्या कारखान्याला दिलं, असं सगळ्यांनी धरलं होतं. मी तुकड्यांपैकी सगळ्यात मोठ्याची प्रत काढली आणि नावाचं शेपूट बदलून बीएमपी, म्हणजे चित्राच्या फाइलचं, केलं. उघडलं. बीएमपीत चित्र खालून वर लिहिलं जातं, त्यामुळे तळाची किनार, तिच्यावरच्या वेली आणि चिन्हाचा खालचा निम्मा भाग ठिपका न् ठिपका शाबूत होता. त्याच्या वर सगळं काळं. हाताने डिलीट केलेली फाइल अशी अर्धी तुटून या फोल्डरात येत नाही. ती लिहिली जात असताना खालची वीज गेली होती.

मालकांना बोलावलं. त्यांनी चष्मा लावून ते चित्र बराच वेळ पाहिलं. “हेच की ओ ते डिझाइन,” एवढंच म्हणाले. मग फाइलमधून दुसरी एसएसडी आणि स्प्लिटर बसवल्याचं बिल शोधून काढलं. ऑर्डर बुडाली त्याच्या आधीचं निघालं. माणूस वाईट नाही. कामगारांच्या पोरांच्या फिया भरणारा आहे. पण संगणकाच्या बाबतीत जो शेवटचा बोलला त्याचं खरं, अशी त्यांची गत होती. आणि त्या वेळी बोलणाऱ्याने डिस्क ठीक आहे, म्हणजे माणसानेच उडवलं असणार, असं सांगितलं होतं. डिस्क ठीकच होती. पण वायर बघितल्याशिवाय त्याने माणसाचं नाव घेतलंच कसं, हे माझ्या डोक्यातून जात नाही. त्या काळातला लॉग असता तर मी मिनिटांच्या हिशेबाने दाखवलं असतं. तो फॉरमॅटमध्ये गेला, आणि काढलेल्या डिस्कवरची मोजणी डिस्कसोबत गेली. उरला तो हा एक तुकडा.

बिलावर मी कारण सविस्तर मराठीत लिहिलं. स्प्लिटरचा जोड, मीटरचे आकडे, त्या फाइलीचं काय झालं, आणि मुलीच्या वहीमुळे दोष सापडला हेही. “एवढं कशाला लिवलालाव, सर?” मालक म्हणाले. म्हटलं, राहू द्या, फाइलला लावा. तो पोरगा आता कुठे आहे विचारलं, तर भिवंडीकडे गेला म्हणे. “नंबर हाय. लावतो फोन,” असं ते म्हणाले खरे. स्प्लिटर मी मागून घेतला, चिठ्ठी बांधून दुकानात ठेवला आहे. बॅकअप तपासायला पुढच्या आठवड्यात जायचं आहे, तेव्हा फोन लावला का, हे विचारणार आहे. लावला नसेल तर नंबर मागणार आहे.