नवव्या वर्षीची पदकं मोजू नका

अमेरिकेत मुलगी कॉलेज जिम्नॅस्टिक्सपर्यंत जाईल का, हे नवव्या वर्षीच्या पदकांवरून कळत नाही. उंची झपाट्याने वाढली की बारवरचं (आडव्या दांड्यांवरचं) टायमिंग बिघडतं. मनगट, टाच, कंबर दुखू लागते. खरा अंदाज त्यानंतरच येतो. मी आधी हँडस्टँडमधली सरळ रेष आणि लँडिंगला गुडघे आत वळतात का, ते बघते.

एनसीएएत, म्हणजे अमेरिकी कॉलेजांच्या क्रीडास्पर्धांत, प्रत्येक प्रकारात सहाजणी उतरतात, सर्वोत्तम पाच गुण धरतात. म्हणून फक्त बीम (अरुंद तोलपट्टी) आणि बार उत्तम करणारीलाही संघात जागा मिळते, हे पालकांनी नक्की लक्षात घ्यावं! व्हॉल्टवर, म्हणजे टेबलावर हात टेकून घेतलेल्या उडीत, युरचेंको फुलचे (पाठमोरं टेबलावर येऊन हवेत एक पूर्ण फिरकी) गुण ९.९५ पासून कापले जातात, त्याच उडीत दीड फिरकी घेतली तर १०.० पासून. ती वाढीव अर्धी फिरकी कमी उंचीवरून ओढली, तर गुडघ्यावर ताण येतो. डिव्हिजन १ चे (एनसीएएच्या सर्वांत वरच्या स्तराचे) प्रशिक्षक दहावीनंतरच्या १५ जूनपासूनच मुलीशी थेट बोलू शकतात.