आमची वाटचाल : नुसतं चिकटवायचं तर आहे

सव्वीस वर्षं बूट-चपला दुरुस्तीचं दुकान चालवतोय, लेदर सोलला खालून रबर लावून देतो, आणि सव्वीस वर्षं एकच वाक्य ऐकतोय, "अहो नुसतं रबर तर चिकटवायचंय, त्याचे एवढे पैसे?" पूर्वी राग यायचा. आता पण येतो, पण आता मी बूट परत गिऱ्हाइकाच्या हातात देतो आणि म्हणतो घरी फेव्हिक्विक असेल तर बघा लावून. निम्मे लोक आठवड्यानं परत येतात आणि मग ते फेव्हिक्विक खरवडायचे वेगळे पैसे द्यावे लागतात, कारण ते काचेसारखं कडक होतं आणि कातडं घेऊनच निघतं.

मुलगी म्हणाली पप्पा सगळ्यांच्या धंद्याचं 'आमची वाटचाल' असतं, तुम्ही सांगा मी टाईप करते. दोन दिवसांत कंटाळली, म्हणून आता मीच टाईप करतोय, चुकलं माकलं सांभाळून घ्या.

आमचे आण्णा 72 च्या दुष्काळात माण तालुक्यातून पुण्यात आले आणि कॅम्पात फुटपाथवर बसले. एक पेटी, एक रापी म्हणजे कातडं कापायची-तासायची सुरी, भोकं पाडायच्या दोन आऱ्या, तीन पायांची लोखंडी ऐरण आणि पाणी भरलेलं कातडं भिजवायचं टोपलं, एवढंच भांडवल. आण्णा कातड्याला कातडंच लावायचे. लेदर सोल झिजला की लेदरचाच हाफ सोल, वरून शिलाई, मेण लावलेला दोरा. रबर म्हणलं की त्यांना टायरचा सोलच आठवायचा आणि तो साहेबाच्या बुटाला लावणं म्हणजे त्यांना पाप वाटायचं. मी 1999 ला आठ बाय दहाचा गाळा घेतला आणि बोर्डवर 'लेदर सोलला रबर लावून मिळेल' असं लिहिलं तेव्हा आण्णा दोन दिवस दुकानात आले नाहीत.

पण मी बघत होतो ना. पुण्याचा पाऊस, कॅम्पातले साहेब लोक, हजारो रुपयांचे बूट आणि खाली उघडं कातडं. एकदा पाणी पिलं की सोल फुगतो, शिलाईचा दोरा कुजतो, पुढं अंगठ्याखाली तर कागदासारखा होतो. दोन एमएमचं रबर आधीच लावलं तर तोच सोल वर्षानुवर्षं जातो, झिजलं तर रबर झिजतं, ते काढायचं नवं लावायचं, मूळ बुटाला हात लावायची गरज नाही. आण्णांना हे पटायला तीन पावसाळे लागले. पटलं असं तोंडानं कधी म्हणले नाहीत, पण एक दिवस स्वतःच्या चपलेला मला लावायला सांगितलं.

काम मला शिकवलं ते आग्र्याच्या चाचांनी. ते सुरवातीला कारागीर म्हणून आले आणि नंतर माझ्याकडे पगाराला पैसे नव्हते म्हणून जे येईल त्यात निम्मे असं ठरलं, त्यामुळे भागीदारच म्हणा. त्यांची रापी मी आजपण वापरतो. पानाचं पोलाद घासून घासून निम्मं झालंय, मुठीला सुतळी गुंडाळलीये आणि त्या सुतळीवर त्यांच्या अंगठ्याचा खड्डा आहे, माझा अंगठा त्यात बरोबर बसत नाही, तरी त्याच रापीनं काठ तासला की हात चुकत नाही. चवड्याच्या मागं जिथं बूट आत वळतो तिथं रबर संपतं, तो काठ उतरता तासून शून्यावर आणावा लागतो, बोट फिरवलं तर कळलं नाही पाहिजे. नवीन मुलं तिथं सरळ कापतात, मग चार महिन्यांत तिथूनच उचकटतं.

आणि चाचांचं सगळ्यात महत्त्वाचं वाक्य, "सलूशन को साँस लेने दे बेटा." सलूशन म्हणजे सोल्युशन, आमचा चिकटवायचा गम. लेदरवरची पॉलिश घासून पूर्ण काढायची, रबराची गुळगुळीत साय पण घासायची, पहिला हात कातडं पिऊन टाकतं म्हणून तो वाळू द्यायचा आणि मग दुसरा हात. नंतर दहा पंधरा मिनिटं हात लावायचा नाही. बोटाचा मागचा भाग टेकवायचा, चिकटल्यासारखं वाटलं पण बोटाला आलं नाही की बसवायचं. पहिल्यांदाच बरोबर बसवावं लागतं, नंतर सरकत नाही. पावसात तर आणखी भानगड, सोल्युशनमधला थिनर उडताना वरचा थर गार होतो आणि हवेतलं दमट त्यावर धरतं, डोळ्याला दिसत पण नाही, अशानं पकड कच्ची राहते. म्हणून जुलैत मी हिटगन मारल्याशिवाय जोड बसवत नाही. हे 'नुसतं चिकटवायचं'.

आता ते मोजडी प्रकरण. सांगणार नव्हतो पण सांगतो.

2008 चा एप्रिल. लग्नाच्या कपड्यांचं एक मोठं शोरूम, नाव घेत नाही, त्यांनी 180 जोड मोजड्या दिल्या. मोजडीचा तळ कातड्याचा, कार्यालयातल्या मार्बलवर नवरदेव घसरतात, म्हणून खाली पातळ रबर पाहिजे होतं. 60 रुपये जोडी. माझ्यासाठी तेव्हा लय मोठी ऑर्डर. शीटवाल्यानं नवीन लॉट दिला, दिसायला तीच, काळी, दोन एमएम, वर दोन रुपये फुटाला कमी. मी खूश. चाचा गावाला गेले होते, मी आणि हाताखालचा पोरगा, दोघांनी बारा दिवसांत काम उडवलं. ओढून बघितलं, घट्ट.

मेच्या पहिल्या आठवड्यात शोरूमचा फोन. एका नवरदेवाचा सोल वरातीत सुटला, घोडीवर बसलेला आणि पायाखाली काळी जीभ लोंबतीये, व्हिडिओवाल्यानं ते पण शूट केलं. मी म्हणलं एखादा जातो साहेब, आणा, करून देतो. दुसऱ्या दिवशी चार आले. आठवड्यात 52 जोड माझ्या काउंटरवर. उन्हात रस्ता तापला की आपोआप सुटत होते, आणि गंमत बघा, सोल्युशन सगळं कातड्याला चिकटलेलं, रबराची बाजू एकदम स्वच्छ, जसं काही लावलंच नव्हतं.

चाचा परत आले, एक पट्टी उचलली आणि दुकानाच्या पायरीवर बसून काडी लावली. नंतर आमच्या जुन्या शीटची पट्टी घेतली, तिला लावली. जुनी काळा धूर सोडत जळली आणि राख झाली. नवीन वितळली, थेंब थेंब पडायला लागली, मेणबत्तीसारखी. चाचा काही बोललेच नाहीत, फक्त माझ्याकडं बघितलं. ते रबर नव्हतंच, टीपीआर होतं, म्हणजे रबरासारखं दिसणारं पण तापवलं की वितळणारं. टीपीआर वाईट नाही, पण त्याला आधी वेगळा प्रायमर मारावा लागतो, आमचं नेहमीचं सोल्युशन त्याला धरतच नाही. शीटवाला शेवटपर्यंत म्हणत राहिला 'तोच माल आहे'. त्या पायरीवर डाग अजून आहे.

शोरूमवाल्यानं माझे 10,800 तर दिलेच नाहीत, वर 52 मोजड्यांचे 450 प्रमाणे 23,400 मागितले. गाळ्याचं भाडं तीन महिने थकलं. बायकोनं बांगड्या काढून दिल्या, त्या सोडवायला दोन वर्षं लागली, ती आजपण काही बोलत नाही पण लग्नात गेलो की मोजड्यांकडं बघून हसते. चाचांनी दोन महिने एक रुपया घेतला नाही. आणि आम्ही 180 च्या 180 जोड फुकट नव्यानं करून दिले, जे सुटले नव्हते ते पण. शोरूमवाला म्हणला कशाला, राहू दे ते. मी म्हणलं नाही. नऊ रात्री लागल्या. टीपीआर ओढून काढायचं, जुनं सोल्युशन थिनरनं पुसायचं, परत घासायचं, परत दोन हात. डोकं इतकं दुखायचं की मी शटर उघडं ठेवून काम करायचो, थिनरचा वास बंद खोलीत घेऊ नका कधी.

एवढं करून शोरूमचं काम गेलंच. कुणाकडं? माझ्या हाताखालच्या त्याच पोराकडं. चार वर्षं माझ्याकडं शिकला आणि त्या दिवाळीला समोरच दुकान टाकलं. त्याचं टाकणं बरोबर आहे, कुणीही टाकावं, पण येणाऱ्या जाणाऱ्याला 'तिकडं सोल निघतात' हे सांगायचं कारण नव्हतं, त्या 180 मधले निम्मे त्यानंच लावले होते. आज त्याच्याकडं लाईटचा बोर्ड आहे, एसी आहे, व्हॉट्सॲपवर फोटो पाठवतो. हात चांगला आहे त्याचा, खोटं कशाला बोलू. पण घाईत कडेनं बारीक खिळे मारतो. लेदर सोलवर चवड्याला खिळा मारू देऊ नका कुणाला, मला काम नाही दिलं तरी चालेल. प्रत्येक खिळा म्हणजे पाणी आत जायला भोक. टाचेला चालतो.

त्यानंतरची दहा-अकरा वर्षं बरी गेली. बफिंग मशीन घेतलं, मुलगी शिकली, चाचा आग्र्याला परत गेले. लॉकडाऊननंतर लोक ऑफिसला पण स्पोर्ट शूज घालतात, त्यामुळे लेदर सोल कमी झाले. कोल्हापुरी मात्र वाढल्या, 2025 ला प्राडा कंपनीनं मिलानच्या फॅशन शोमध्ये कोल्हापुरीसारख्या चपला दाखवल्या, ते प्रकरण झाल्यावर तर कॉलेजची मुलं पण रबर लावायला आणतात. लावून देतो, पण आधीच सांगतो, आवाज थोडा दबेल.

कर्नलसाहेबांचं लिहिलं नाही तर हे अर्धवट राहील. रिटायर्ड, तपकिरी बूट, 2003 ला पहिल्यांदा आले ते मेसच्या मार्बलवर घसरून हाताला प्लास्टर घालून. रबर लावून दिलं, घालून दहा पावलं चालले आणि म्हणले, "पुढचा भाग उंच झालाय." मी म्हणलं दोन एमएमनं काय होतंय साहेब. खिशातून छोटी पट्टी काढली आणि मोजून दाखवलं. तेव्हापासून आम्ही पुढं रबर लावलं की टाचेला पण तेवढंच चढवतो, किंवा पुढं दीड एमएमच वापरतो. आजपर्यंत कुठल्या कारागिरानं मला हे सांगितलं नव्हतं, फौजी माणसानं सांगितलं. व्हिब्रम या रबरी सोलच्या कंपनीची गोष्ट पण त्यांनीच सांगितली, की 1935 ला इटलीत डोंगरावर सहा जण दगावले, पायात नीट बूट नव्हते, त्यांचा मित्र व्हिताले ब्रामानी, त्यानं 1937 मध्ये खाचांचा रबरी सोल काढला आणि नाव आडनाव जोडून व्हिब्रम केलं. मोजडीच्या वर्षी सगळं कॅम्प माझ्याकडं यायचं थांबलं होतं तेव्हा हा माणूस मुद्दाम तीन जोड घेऊन आला, त्यातल्या दोनांना काही झालेलं नव्हतं.

फक्त एक सवय वाईट. लेदर सोल मऊ राहावा म्हणून ते त्याला मोहरीचं तेल लावतात. तेल पिलेल्या कातड्याला जगातलं कुठलं सोल्युशन धरत नाही. वीस वर्षं सांगतोय, साहेब वरून पॉलिश काय करायची ती करा, तळाला तेल नको. हो हो म्हणतात. आता मुलीकडं बंगळुरूला असतात, बूट कुरिअरनं पाठवतात. परवा पार्सल आलं, खोका उघडला, वर चिठ्ठी, 'टाचा पण बघणे'. बूट उलटा करून नाकाजवळ नेला. मोहरी. आता दोन दिवस थिनरनं पुसत बसायचं.